चंदेरी रंगाखालचे तीनशे एक्केचाळीस अंश

डिग्रीभाऊंना ज्यांची भीती वाटत नाही अशा गोष्टींची यादी करायची ठरवली, तर ती एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्त्यालाही जागा उरेल. लिफ्ट, कुत्री, गॅसची शेगडी, उंच स्टूल, अवेळी वाजलेला फोन, तपासताना डॉक्टरांनी काढलेला 'हं' असा आवाज, या झाल्या सर्वसाधारण माणसाच्या भीती. डिग्रीभाऊ त्यांच्या बरेच पुढे गेलेले आहेत. अनोळखी खुर्चीवर ते आधी हाताने दाबून बघितल्याशिवाय बसत नाहीत. दुकानात फुगे दिसले तर रस्ता ओलांडतात. आणि असा हा माणूस गेली एकवीस वर्षं वितळलेल्या लोखंडापासून बारा पावलांवर उभा राहून पोट भरतो आहे.

'डिग्री'चा त्यांच्या शिक्षणाशी काही संबंध नाही. शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर दोनदा ठेच लागून तिथेच बसलं. त्यांचं काम तापमान मोजायचं, म्हणून डिग्रीभाऊ. कारखाना लोखंड ओतण्याचा. गटारांची झाकणं, पंपांचे सांगाडे, असला वजनदार माल. एका भट्टीत लोखंड वितळवतात आणि दुसऱ्या भट्टीत ते ओतायची वेळ येईपर्यंत गरम राखतात. ही दुसरी भट्टी म्हणजे आडवं ठेवलेलं अवाढव्य पिंप. बाहेरून जाड पोलादी पत्रा, आत हातभर जाडीची विटांची भिंत आणि तिच्या आत चौदाशे अंशांचा लाल रस. हा रस आतून विटा खात असतो. रोज थोड्या, आवाज न करता. किती खाल्ल्या हे आत डोकावून बघता येत नाही, कारण डोकावणारा पुन्हा सांगायला येत नाही. एकच खूण असते. वीट पातळ झाली की तिथला बाहेरचा पत्रा जास्त तापतो.

म्हणून पाळीत तीनदा डिग्रीभाऊ आपली बंदूक घेऊन निघायचे. बंदूक म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. घोडा दाबला की भट्टीवर लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेवर आकडा उमटतो. नव्या माणसांना वाटतं की तो ठिपकाच तापमान मोजतो. तो बिचारा फक्त नेम दाखवतो. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश बाहेर टाकत असते, तो बंदूक गोळा करते आणि त्यावरून आकडा सांगते. पत्र्यावर खडूने चाळीस जागा आखलेल्या होत्या. चाळीस आकडे वहीत लिहायचे. कुठलाही तीनशेच्या वर गेला की भट्टी रिकामी करायची आणि विटा नव्या लावायच्या, असा नियम.

चाळिसांपैकी बाविसावी जागा खोडकर होती. ती होती भट्टीच्या तोंडाच्या जरा खाली, डावीकडे. आणि तिच्यापासून दोन हातांवर रोज उभा असायचा डिग्रीभाऊंचा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. भट्टी कलती करायचं मोठं चाक त्याच्या ताब्यात. चाक फिरवलं की भट्टी झुकते आणि तोंडातून रस खालच्या बादलीत पडतो. भीती वाटण्यासाठी लागणारा अवयव त्याच्या शरीरात बसवायचाच राहिला असावा. भट्टीला पाठ करून तो शिट्टी वाजवत डबा खायचा. "माझ्या भावाला तुमच्याच कारखान्यात लावा, तुमचं लक्ष राहील," असं बायकोने सहा वर्षांपूर्वी सांगितलं, आणि डिग्रीभाऊंनी शब्द टाकून त्याला लावला. तेव्हापासून बाविसाव्या जागेचा आकडा वहीत लिहिताना त्यांचं पेन जरा थांबायचं.

आता त्या चंदेरी रंगाबद्दल. त्याची मूळ कल्पना डिग्रीभाऊंचीच होती. मोजताना तोंड भाजतं, कपाळाची कातडी ओढल्यासारखी होते, अशी त्यांची जुनी तक्रार. एकदा गच्चीवरच्या चंदेरी टाक्या बघून ते फोरमनला म्हणाले, "आपल्या भट्टीला हाच रंग दिला तर?" कारखाना बघायला पाहुणे यायचे होते आणि गंजून काळी पडलेली भट्टी फोरमनच्या डोळ्यांत सलत होतीच. चाकाच्या दुरुस्तीसाठी भट्टी दोन दिवस थंड ठेवली होती, तेवढ्यात पत्र्याला ॲल्युमिनियमचा चकचकीत रंग लागला.

पुन्हा पेटवल्यावर पहिल्या फेरीत डिग्रीभाऊंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बाविसावी जागा रंगाआधी दोनशे अठ्ठावन्न होती. आता एकशे चव्वेचाळीस. सगळे चाळीसच्या चाळीस आकडे शहाण्या मुलांसारखे खाली बसले होते. शिवाय जवळ उभं राहिलं तरी तोंड भाजेना. फोरमनने पाठ थोपटली, मॅनेजरने हात मिळवला. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या भावोजींना आजपासून शास्त्रज्ञ म्हणायचं." एकवीस वर्षांत ज्याचं कौतुक फक्त 'वेळेवर येतो' एवढंच झालं होतं, त्या माणसाला आठवडाभर चहा आयता मिळाला. तो कौतुकाने इतका सुखावला की फुगेवाल्या दुकानावरून, त्याच बाजूने, चालत गेला.

पुढचे अठरा दिवस बाविसावी जागा चढत राहिली. एकशे एक्कावन्न. एकशे साठ. एकशे चौऱ्याहत्तर. पण तीनशे कुठे आणि हे कुठे. डिग्रीभाऊ आकडा लिहायचे, मागचा आकडा पुन्हा बघायचे, आणि स्वतःलाच दटावायचे की अरे, एकदा तरी जगाचं बरं चाललंय असं समज.

अठराव्या दिवशी रविवार होता. बायकोने कपडे इस्त्री करून इस्त्री उभी ठेवली आणि ती दारात कोणाशी तरी बोलायला गेली. इस्त्री चालू राहिली तर घर जळतं, या विषयावर डिग्रीभाऊंचा अनेक वर्षांचा अभ्यास. बंदूक ते सुट्टीच्या दिवशी घरी आणायचे. आंघोळीचं पाणी, आमटीचं भांडं, तापलेला टीव्ही, काहीही मोजल्याशिवाय सोडत नसत. त्यांनी इस्त्रीच्या तळावर नेम धरला. एक्केचाळीस. म्हणजे बंद आहे. समाधानाने त्यांनी तिला बोट लावलं.

पुढच्या किंकाळीने बायको धावत आली.

"अहो, हात लावायच्या आधी विचारायचं तरी."

"बंदूक एक्केचाळीस म्हणाली."

"म्हणेल नाही तर काय. तळ बघा किती चकचकीत आहे. मी त्यात बघून केस सारखे करते." तिने त्यांचं बोट धरून नळाखाली नेलं. "आरशासमोर उभं राहून ताप मोजलात, तो कोणाचा निघणार? तुमचाच."

ती हसत गेली. डिग्रीभाऊ नळाखाली बोट धरून उभे राहिले. पाणी वाहत होतं. बोटाची आग हळूहळू कमी होत गेली. चकचकीत तळ. चकचकीत भट्टी.

त्यांनी कपाट उपसून बंदुकीसोबत आलेली पुस्तिका शोधली. शेवटच्या पानावर एक कोष्टक होतं. एकवीस वर्षांत त्यांनी ते पान कधी उलटलं नव्हतं, कारण त्याच्या वर 'सावधान' असं छापलेलं होतं. उत्सर्जकता, असं कोष्टकाचं नाव. एखादा पृष्ठभाग आपली उष्णता किती प्रामाणिकपणे बाहेर सांगतो, त्याचा हा आकडा. गंजलेलं, काळवंडलेलं लोखंड जवळजवळ सगळं खरं सांगतं. चकचकीत धातू अर्ध्याहून जास्त पोटात ठेवतो आणि वर समोरच्याचाच चेहरा त्याला दाखवतो. ॲल्युमिनियमच्या रंगापुढे लिहिलं होतं: शून्य दशांश तीन ते शून्य दशांश पाच, रंगागणिक वेगळं. आणि बंदूक तिच्या कंपनीतून आली तेव्हापासून शून्य दशांश पंच्याण्णववर लावलेली होती. ते बटण चुकून दाबलं जाईल या भीतीने डिग्रीभाऊंनी पहिल्याच दिवशी त्यावर चिकटपट्टी लावली होती, आणि ती पट्टी दर दिवाळीला नेमाने बदलली होती.

तोंड का भाजत नव्हतं, हेही आता कळलं. भट्टी थंड झाली नव्हती. तिने फक्त उष्णता बाहेर टाकणं कमी केलं होतं. सगळी पत्र्यातच कोंडून ठेवली होती. पत्रा पूर्वीपेक्षा जास्त तापलेला असणार, आणि सबंध कारखाना त्याच्याकडे पाठ फिरवून आनंदात होता.

मेहुणा तर खरोखरच पाठ फिरवून.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोने कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," ती म्हणाली, आणि हे शब्द ऐकून ते आणखीच पांढरे पडले.

सोमवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ते फोरमनच्या टेबलाशी उभे होते.

"बोटाला काय झालं, डिग्रीभाऊ?"

"इस्त्री."

"करताना?"

"मोजताना."

ही माहिती फोरमनने गोळीसारखी तोंडात घोळवली. तेवढ्यात डिग्रीभाऊंनी सगळं सांगून टाकलं. रंग, आरसा, कोष्टक, बाविसावी जागा. सांगताना वाक्यं एकमेकांच्या पायात येत होती. फोरमन शांतपणे ऐकत होता, आणि तेच वाईट होतं. कारण हा माणूस अशा बातम्या घेऊन पूर्वीही दोनदा आला होता. एकदा छपरातून आलेलं ऊन पत्र्यावर पडलं होतं ते मोजून त्याने भट्टी फुटतेय म्हणून ओरडा केला होता. दुसऱ्यांदा जो धोका सापडला, तो पाइपामागे ठेवलेली फोरमनची चहाची किटली निघाला.

"आज सकाळी बाविसावी किती आहे?" फोरमनने विचारलं.

"एकशे त्र्याण्णव."

"नियम कितीचा?"

"तीनशेचा. पण साहेब, ते एकशे त्र्याण्णव खरे नाहीत."

"मग खरे किती?"

"ते मला माहीत नाही."

"बघा," फोरमन समजुतीने म्हणाला, "पूर्वी तिथे उभं राहिलं की माझे कान भाजायचे. आता भाजत नाहीत. माझे कान खोटं बोलत नाहीत."

"कान भाजत नाहीत कारण ती उष्णता बाहेर सोडत नाही. पत्र्यातच ठेवते."

"ठेवू दे की. तिची आहे."

"आणि पत्र्यामागे वीट किती उरलीय?"

फोरमनचं हसू जरा कमी झालं, पण फार नाही. "आज साचे भरून तयार आहेत. उद्या बघू."

उद्या हा शब्द डिग्रीभाऊंनी आयुष्यभर आवडीने वापरला होता. आज तो ऐकून ते भट्टीकडे वळले. समोर, चाळीस पावलांवर, मेहुणा चाकापाशी हातमोजे चढवत होता.

कारखान्यासमोर मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. सायलेन्सरला लावायचा काळा, न चमकणारा रंग त्याच्याकडे असतो, उष्णता सोसणारा. डिग्रीभाऊंनी त्याच्याकडून अर्धा डबा आणला, एका लांब पाइपाच्या टोकाला ब्रश बांधला आणि ते भट्टीकडे निघाले. बारा पावलांची हद्द त्यांनी ओलांडली. अकरा, दहा, नऊ. जीव मुठीत धरून माणूस चालतो म्हणतात. डिग्रीभाऊंच्या दोन्ही मुठींत पाइप होता, त्यामुळे जीव कुठे ठेवावा हा प्रश्नच होता.

"भावोजी, भट्टीला मिशा काढताय?" मेहुणा म्हणाला.

"तू बाजूला हो."

"का?"

"मी घाबरलोय म्हणून."

"तुम्ही परवा मांजराला घाबरला होतात."

"बाजूला हो रे, पाया पडतो तुझ्या."

वयाने मोठ्या भावोजींनी असं म्हटल्यावर तो चकित होऊन चार पावलं सरकला. डिग्रीभाऊंनी पाइप पुढे केला. ब्रश पत्र्याला टेकताच चर्र आवाज झाला, धूर निघाला आणि घशात जाणारा एक उग्र वास सुटला. पाइप इतका थरथरत होता की काळ्या गोलाऐवजी तळहाताएवढा फराटा उमटला. तो सुकेपर्यंत त्यांनी दहा मिनिटं वाट बघितली. घड्याळाकडे सतरा वेळा बघितलं.

मग बंदूक उचलली. फराट्याच्या शेजारी, चंदेरी भागावर: एकशे त्र्याण्णव.

काळ्या फराट्यावर: तीनशे एक्केचाळीस.

एकच पत्रा, एकच जागा, मध्ये बोटभरही अंतर नाही. पुन्हा मोजलं. तीनशे एक्केचाळीस. तिसऱ्यांदा तेच. त्यांना ओरडायचं होतं. ते नुसतेच हात हलवत राहिले. फोरमन कंटाळलेल्या चेहऱ्याने आला, बंदूक त्यांच्या हातातून घेतली, चंदेरीवर धरली, काळ्यावर धरली, परत चंदेरीवर, परत काळ्यावर. मग त्याने फराट्याच्या दिशेने स्वतःचा कान नेला आणि झटकन मागे घेतला. त्या तळहाताएवढ्या तुकड्यातून उष्णता चपराकीसारखी बाहेर येत होती.

"रिकामी करा," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

पण रिकामी करायची म्हणजे झुकवायची. आणि तोंडाकडे झुकवली की आतला सगळा रस त्याच बाजूला, नेमका बाविसाव्या जागेवर भार टाकणार. न झुकवावी तर आहे तिथे वीट खातच राहणार. फोरमनने दोन्ही बाजू मनातल्या मनात तोलल्या, कपाळ पुसलं आणि चाकाकडे बघितलं. दुसरा चाकवाला दुपारच्या पाळीचा. बाकी कोणाला ते चाक धड फिरवता येत नव्हतं.

"मीच करतो," मेहुणा म्हणाला. "त्यात काय."

चार बादल्या ओतायला चाळीस मिनिटं लागणार होती. बाकीची माणसं लांब उभी केली. डिग्रीभाऊंना कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. ते मेहुण्याच्या मागे, तीन पावलांवर, बंदूक दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. पळायची इतकी तीव्र इच्छा त्यांना आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि त्यांना ती रोजच होत असे.

चाक करकरलं. भट्टी झुकली. पहिला रस पडला तेव्हा सगळीकडे नारिंगी उजेड झाला.

"तीनशे चव्वेचाळीस," डिग्रीभाऊ म्हणाले.

"थोडंसंच वाढलंय की," मेहुणा म्हणाला.

"तीनशे बावन्न."

"आज ताईने डब्यात काय दिलंय तुम्हाला?"

"तीनशे एकसष्ट."

मेहुण्याने चाक घट्ट धरलं. तिसरी बादली लागली. काळ्या फराट्याच्या कडा राखाडी पडायला लागल्या होत्या. त्याच्या पलीकडे किती बोटं वीट आहे, तीन की एक की काहीच नाही, हे या जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. डिग्रीभाऊंचे डोळे घामाने चुरचुरत होते. आकडा वाढायचा आणि त्यांचा आवाज बसत जायचा. तीनशे पंचाहत्तर म्हणताना तर नुसते ओठच हलले.

"भावोजी," मेहुणा मागे न बघता म्हणाला, "बोलत राहा. तुम्ही गप्प झालात की मला कसंतरी होतं."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले डिग्रीभाऊंनी बघितले. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्याने, शाळेत पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणायला सुरुवात केली. तीनशे अठ्ठ्याहत्तर. तीनशे त्र्याऐंशी. तीनशे नव्वद. मध्ये जागा राहू नये म्हणून एकच आकडा दोन-दोनदा.

चौथी बादली भरत आली. "चारशे तीन."

"पुरे," लांबून फोरमन ओरडला. "राहू दे उरलेलं."

"तळाला थोडंच आहे," मेहुणा म्हणाला. "संपवतोच."

डिग्रीभाऊंनी बंदूक खाली टाकली. पुढची तीन पावलं ते कशी चालले हे त्यांना आजही सांगता येत नाही. त्यांनी मागून मेहुण्याचा पट्टा धरला आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून ओढलं. तो त्यांच्या दुप्पट अंगाचा. पण माणूस घाबरला की त्याला बळ येतं, आणि या कामात डिग्रीभाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता. दोघे एकमेकांवर पडत साच्यांच्या वाळूत आले. चाक सुटलं, भट्टी सावकाश मागे गेली आणि उरलासुरला रस तळाशी जाऊन बसला. काहीच फुटलं नाही. बंदुकीची काच मात्र तडकली होती.

भट्टी निवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी फोरमन दिवा घेऊन आत डोकावला, मग बाजूला झाला. मेहुणा आत वाकला. बाविसाव्या जागेपाशी विटांची हातभर जाडीची भिंत खाऊन तिथे एक गुळगुळीत खळगा झाला होता, आणि खळग्याच्या बुडाशी जी वीट उरली होती तिची जाडी मोजायला त्याने फुटलेल्या कडेला आपलं बोट आडवं लावलं. करंगळी पुरली. तो बराच वेळ करंगळीकडे बघत राहिला. मग बाहेर येऊन बसला, उठला, आणि परत बसला.

डिग्रीभाऊंनी त्या दिवशी मॅनेजरला अहवाल लिहून दिला. त्यात पहिलंच वाक्य असं होतं की चंदेरी रंगाची सूचना माझी होती. फोरमन म्हणाला, "हे वाक्य काढा, कोणी विचारलेलं नाही." डिग्रीभाऊंनी काढलं नाही. घाबरत घाबरत खाली सहीही केली. मॅनेजरने वाचलं, चष्मा काढला, दोनदा हं केलं, आणि चाळीसही जागांवर काळा रंग लावायचा हुकूम लिहिला. पुढे काय होणार ते सांगितलं नाही, म्हणून डिग्रीभाऊ अजून झोपेत दचकतात.

संध्याकाळ व्हायच्या आतच दोघे मिळून घरी आले. रस्त्यात मेहुणा म्हणाला, "ताईला काही सांगायचं नाही हं. उगीच घाबरेल." डिग्रीभाऊ हो म्हणाले.

बायकोने दार उघडलं, आधी नवऱ्याकडे बघितलं, मग भावाकडे. नवऱ्याचा चेहरा तिच्या ओळखीचाच होता. भावाचा नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही गं," भाऊ म्हणाला. "भट्टी बंद आहे, म्हणून लवकर सुटलो."

"अहो, तुम्ही सांगा."

डिग्रीभाऊंनी मेहुण्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. इस्त्रीपासून करंगळीपर्यंत, सगळे आकडे क्रमाने. ती दाराला टेकून ऐकत होती. शेवटी तिने भावाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, आणि मग तो हात तिने तिथून उचललाच नाही.